नजीराआपाची यंदाची सात गाणी

सोमवार पेठेतल्या ‘नूर लेडीज टेलर’मध्ये पाऊल टाकायचं तर बाईनं दोन गोष्टींची तयारी ठेवावी. एक म्हणजे, ब्लाउज सांगितल्या दिवशी मिळणार नाही. दुसरी म्हणजे, विचारा न विचारा, नजीराआपा खरं ते तोंडावर सांगणार. "ह्यो रंग तुमास्नी शोभत न्हाय, आजारी दिसशीला," असं सांगून तिनं दारात आलेलं गिऱ्हाईक माघारी पाठवलेलं आहे. गिऱ्हाईक फणकाऱ्यानं गेलं आणि पुढच्या आठवड्यात दुसरं कापड घेऊन गुमान परत आलं. जाणार कुठं? आपासारखी बाही दुसऱ्या कुणाला बसवता येत नाही.

दुकान केवढं, तर दोघी आत आल्या की तिसरीनं पायरीवर उभं राहायचं. एक पायमशीन, कापायचं टेबल, टेबलाखाली चिंध्यांचं गाठोडं आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेला स्पीकर. हा स्पीकर म्हणजे आपाचा जीव. शटर वर गेलं की गाणी चालू, अजान सुरू झाली की बंद, अजान संपली की पुन्हा चालू. आणि जुनी गाणी अजिबात नाहीत बरं का! "जुनी चांगलीच हाईत की," आपा म्हणायची. "पर ती चांगली हाईत हे दुसऱ्यांनी कवाच ठरवून ठेवलंय. त्यात माझं काय?" पन्नाशी ओलांडलेली बाई, चष्म्याला दोरी लावलेली, आणि ऐकणार काय, तर परवा आलेला कुणी पंजाबी पोरगा, नाहीतर मदुराईकडची कुठली तरी पोरगी. भाषेचं एक अक्षर कळत नाही. त्यावरून कुणी छेडलं की म्हणायची, "कापडाला भाषा असती व्हय? हाताला कळतंय न्हवं? झालं मग."

गाणं जोखायची तिची रीत ठरलेली होती. निवांत बसून ऐकायचं नाही, मशीन चालू असताना ऐकायचं. खडखडाटात विरून गेलं ते गाणंच नव्हे. ज्याला नुसती मान हलली ते चांगलं. आणि ज्या गाण्याला चालता पाय आपोआप थांबला, ते त्या वर्षाचं पहिलं. तिचा नवरा कामिल कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशिनींच्या दुरुस्तीवर आहे. बायकोच्या मशीनला मोटार बसवून देतो, असं त्यानं किती वेळा काढलं. आपानं बसवू दिली नाही. मोटारीला गाणं कळत नाही, मग वर्षाचा पहिला नंबर काढायचा कुणी?

हा नंबर म्हणजे पेठेतला एक सणच होता म्हणा. वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारच्याला आपा काम बंद ठेवायची आणि वर्षभरात तिला आवडलेली सात गाणी सातव्यापासून पहिल्यापर्यंत लावायची. सातच का? तर पातेलंभर चहा आणि पुडाभर खारी तेवढ्यात संपते म्हणून. यादी कुठं लिहिलेली नसायची, सगळी डोक्यात. बायकांनी आधी येऊन पहिलं गाणं ओळखायचं. जिचं बरोबर येईल तिचं एक ब्लाउज फुकट, मग ते अस्तराचं का असेना. त्यासाठी डिसेंबरभर बायका काही ना काही काम काढून पायरीवर येऊन बसायच्या आणि आपाच्या पायाकडं टक लावून बघायच्या.

आणि वशिला? नाव काढू नका. कामिलचा सख्खा भाचा एका गाण्यात ढोलकी वाजवून आला होता. मामी नंबर देणार म्हणून त्यानं गावभर सांगून ठेवलेलं. मामीनं सातात धरलंच नाही. पोरगा त्या ईदला शीरखुर्मा प्यायला आला नाही. आपानं डबा भरून त्याच्या घरी पोचवला, वर त्याच्या गालावरनं हात फिरवून आली, पण नंबर काही दिला नाही.

अशी ही बाई, आणि यंदा तिचीच पंचाईत झाली.

पलीकडच्या दारात कालिंदीबाई राहतात. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून वर्गातलाच आहे. आपा त्यांना वैनी म्हणते. दोघींचं लग्न होऊन पेठेत येणं मागंपुढंच झालेलं, तेव्हापासून एकीची कढी दुसरीच्या पानात. कालिंदीबाईंची एकुलती एक लेक म्हणजे मैथिली. आई शाळेत, वडील कचेरीत, म्हणून पोर दुपारभर आपाच्या दुकानात असायची. टेबलाखाली चिंध्यांच्या गाठोड्यावर बसून बाहुलीची परकर-पोलकी करायची आणि वर मशीन चालली की आपाबरोबर गुणगुणायची. आपाला एक खोड होती. चौकोनी गळा शिवताना कोपरा आला की सुई कापडात रुतवून ठेवायची, कापडावरचा दाब उचलायचा, कापड वळवायचं आणि मग पुढची टीप. तेवढा वेळ आपाचं गुणगुणणंही थांबायचं, श्वाससुद्धा. मग टेबलाखालची पोरही थांबायची. कापड वळलं की दोघी पुन्हा सुरू.

शाळेच्या गॅदरिंगला पोरीला गाण्याचं पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा अख्ख्या पेठेनं तिला डोक्यावर घेतलं. आपा म्हणाली, "बक्षीस मिळालं, चांगलं झालं. पर दुसऱ्या कडव्याला तू भ्यालीस." पोर ओक्साबोक्शी रडली. कालिंदीबाई चार दिवस आपाशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी पोर आपणहून टेबलाखाली येऊन बसली आणि दुसरं कडवं पुन्हा म्हणून दाखवलं. "आता न्हाय भ्यालीस," आपा म्हणाली. तेव्हापासून मैथिली कुठंही गाऊन आली की आधी आपाच्या तोंडाकडं बघायची.

पोरगी मोठी झाली, मुंबईला गेली. दुसऱ्यांच्या मागं कोरसमध्ये उभी राहून, जाहिरातींत दोन-दोन ओळी गाऊन तिनं दिवस काढले. आणि यंदा दिवाळीत तिचा स्वतःचा अल्बम आला. सहा गाणी, वर फोटो, खाली नाव. कालिंदीबाईंनी पेठेत पेढे वाटले. चिमणाबाई, देवळाजवळ गजरे विकणारी, तिनं तर त्याच दिवशी आपाच्या टेबलावर जांभळं कापड आणून आपटलं. "घे, माप हायच तुझ्याकडं. यंदा फुकटचं बिलाउज माझं. पयला नंबर आपल्या मैथिलीचा, आनि कुनाचा आसतोय?" बाकीच्यांनीही तेच नाव सांगितलं. सगळ्यांचं बरोबर आलं तर आपाला पेठभर ब्लाउजं शिवावी लागतील, म्हणून हसूनहसून पुरेवाट झाली.

आपाही हसली. मग शटर अर्धं ओढून तिनं अल्बम लावला आणि मशीनवर बसली.

पहिलं गाणं झालं. मान हलली नाही. दुसरं झालं. तिसऱ्याला आपानं हात पुसून गाणंच बंद केलं. तीन टिपांत कापड कळतं, असं ती नेहमी म्हणायची. गाणी वाईट नव्हती हो. पण पोरीचा आवाज खळ घालून कडक इस्त्री केल्यासारखा केला होता, कुठं चुणी नाही का सुरकुती नाही. हा आवाज कुणाचाही असता तर चाललं असतं. टेबलाखालच्या पोरीचा तो नव्हता. आपाला इतकं वाईट वाटलं की तिनं त्या दिवशी दुसरं काहीच लावलं नाही.

कालिंदीबाईंनी विचारलं, "काय गं, ऐकलंस की नाही?"

"कामाचा रगाडा हाय वैनी. लग्नसराई हाय. निवांत ऐकतो की." आपा खोटं बोलली. निवांत ऐकायची तिची रीतच नव्हती, हे कालिंदीबाईंना ठाऊक नव्हतं होय? पण आनंदात माणसाच्या ध्यानात येत नाही. "ऐक, ऐक. ती येतीय एकतीस तारखेला, खास तुझ्या यादीसाठी," म्हणाल्या आणि मोरपंखी कापड टेबलावर ठेवलं. "आणि त्या दिवशी घालायला हे माझं. चौकोनी गळा कर."

झालं! तेव्हापासून आपाच्या जिवाला घोर लागला. कालिंदीबाईंची चाहूल लागली की ही मागच्या दारानं दोरा आणायला जायची. घरी कामिलनं पाहिलं, बायको भाकरी थापता थापता थांबतीय. त्यानं खोदून विचारलं आणि ऐकून म्हणाला, "एवढंच व्हय? दे की पयला नंबर. आपलीच पोरगी हाय. कोण इचारणार हाय तुला?"

"तीच इचारंल," आपा म्हणाली. "सगळ्यांम्होरं न्हाय इचारणार. निस्ती माझ्या तोंडाकडं बघंल. मग मी काय करू?"

"मग देऊ नगंस."

"आनि वैनी? ईदचा डबा त्यांच्या घरी पोचवून भागंल व्हय?" कामिलनं भाकरी उलथली.

दिवस जवळ आला तरी मोरपंखी ब्लाउज तसंच पडलेलं. शेवटी एका सकाळी आपानं ते मशीनवर घेतलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, अल्बमही लावला. एकदा बाजूला टाकलेलं गाणं ती दुसऱ्यांदा कधी लावत नसे. पण या वेळी हात कामात अडकलेले, म्हणून गाणी चालू राहिली. पहिली तीन गेली. चौथं गेलं, पाचवं गेलं. तोवर गळा होऊन बाहीची कड दुमडून झाली होती, आणि सहावं लागलं.

त्यात वाद्यं अशी नव्हतीच. लाकडावर बोटं वाजवल्यासारखा बारीक ठेका आणि नुसता आवाज, इस्त्री न केलेला. आई अजून घरी यायची आहे अशा एका दुपारचे साधे शब्द. आणि ओळ संपताना, जिथं दुसरं कुणीही सूर लांबवला असता, तिथं पोरगी थांबली. श्वाससुद्धा घेतला नाही तिनं. क्षणभर काही नाही, आणि मग सूर वळवून पुढची ओळ.

आपाला कळलं. सुई रुतवली, दाब उचलला, कापड वळवलं. कोपरा होता तो! मुंबईच्या मोठ्या स्टुडिओत उभी राहून पोरगी चौकोनी गळ्याचा कोपरा वळवत होती.

आपाची बाहीची सरळ टीप चालली होती, थांबायचं काही कारण नव्हतं. तरी पाय थांबला. तो इतका अचानक थांबला की कापड हातातून सरकलं आणि टीप वाकडी गेली. आपा डोळ्याला पदर लावून बसली आणि चांगली हुंदके देऊन रडली. पायरीवर चिमणाबाई गजऱ्यांची पाटी घेऊन टेकायला आली होती, ती घाबरून उठली. "काय झालं गं? सुई टोचली व्हय?"

"व्हय," आपा म्हणाली. "टोचली."

संध्याकाळी हे ऐकून कामिलनं टाळी वाजवली. "सुटलीस की मग! पाय थांबला न्हवं? दे पयला नंबर, आनि हो मोकळी."

"सुटलो कुठं? आता तर जास्तच अडकलो." आपानं चहाचा कप खाली ठेवला. "आवं, त्या गान्यात मीच हाय. माझं दुकान हाय, माझी मशीन हाय. मग पाय गान्याला थांबला का माझ्याच मायेला थांबला? भाच्याला न्हाय दिला वशिल्यानं, आनि आता सोताला देऊ?"

कामिलनं तिचा कप पुन्हा भरला. मग म्हणाला, "नजीरा, तुला साधं काय जमतच न्हाय बघ." पण हे तो कौतुकानं म्हणाला, आणि ते तिला कळलं.

एकतीस तारखेला दुपारी दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. पायरीवर बायका, बोळात बायका, चिमणाबाई सगळ्यांत पुढं, जांभळ्या कापडावर नजर ठेवून. कालिंदीबाई मोरपंखी ब्लाउज घालून आल्या आणि आल्या आल्या दंड पुढं केला. "नजीरा, हे काय गं? बाहीची टीप बघ कशी वाकडी. तुझ्या हातची म्हणून दाखवायची लाज वाटेल." टीप उसवायची म्हणून आपानं ब्लाउज बाजूला ठेवलं होतं, आणि कामिलनं ते झालं समजून सकाळीच पोचतं केलं होतं. "नंतर बघू वैनी," आपा पुटपुटली, कारण त्यांच्या मागनं मैथिली आत आली होती. मैथिली इतकी मोठी बाई झालेली, पण खुर्ची सोडून टेबलाला टेकून चिंध्यांच्या गाठोड्यावरच बसली.

सातवं गाणं लागलं, साताऱ्याकडच्या पोरांचं, नाचायचं. बायकांनी टाळ्या धरल्या. सहावं लागलं, पंजाबी विरहाचं, त्याला चिमणाबाईनं भाषा न कळता डोळे पुसले. पाचवं मदुराईच्या पोरीचं. मग आपानं मोबाईलवर बोट ठेवलं आणि थोडी थांबली.

चौथं लागलं. लाकडावरचा बारीक ठेका ऐकून मैथिलीनं मान वर केली.

गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही. संपल्यावर पहिली बोलली ती चिमणाबाई. "अगं बया! चौथं? मग माझं बिलाउज?" कुणी हसलं नाही. कालिंदीबाईंचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी हातातला चहाचा कप तसाच, न पिता, टेबलावर ठेवला. "चौथं," त्या म्हणाल्या. "लेकीनं इतकी वर्षं घासली, आणि तुझ्याकडं चौथं. बरं."

मैथिली आपाच्या तोंडाकडं बघत होती, अगदी तशीच, लहानपणीसारखी.

"आपा, पाय थांबला का?"

"थांबला," आपा म्हणाली. "खोटं कशाला बोलू? सरळ टिपंवर थांबला. पर पोरी, गान्यानं थांबला का तुझ्यामुळं थांबला, ते मला काय केल्या कळंना. म्हणून माया समदी बाजूला काढली, आनि मग जेवढं उरलं तेवढ्याचा नंबर दिला. माया काढूनबी चौथं आलं बघ."

"आणि बाकीची पाच?"

"ती तुझी न्हाईत. ती कुनाचीबी हाईत."

मैथिलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कालिंदीबाई उठायच्या बेतात होत्या, एवढ्यात त्यांना दिसलं की पोरगी हसतीय. हसतीय आणि रडतीय, दोन्ही एकदम. "आई, बस खाली," ती म्हणाली. "मुंबईत सगळे म्हणतात, भारी, लई भारी, सहाच्या सहा भारी. मला झोप येत नव्हती. ती पाच त्यांनी सांगितली तशी गायलेत. हे एकच माझं आहे, आणि हेच काढून टाक म्हणत होते. खरं कुणी सांगतच नव्हतं गं." तिनं आपाचा गुडघा धरला. "चौथं! आपाकडं चौथं म्हणजे काय असतं, ते त्या मुंबईवाल्यांना काय ठाऊक?"

मग पुढची लागली. तिसरी मिरजेकडच्या दोघा भावांची कव्वाली, दुसरं एक सिनेमातलं. आणि पहिलं? इचलकरंजीच्या कुणा कोवळ्या पोरीचा रॅप! बायकांच्या माना खाली. चिमणाबाईनं कपाळाला हात लावला. पण मैथिली डोळे मिटून ऐकत राहिली, आणि संपल्यावर म्हणाली, "हे माझ्यापेक्षा चांगलं आहे. परत लाव." आपानं परत लावलं. त्या गाण्याला जूनमध्ये पाय इतका गपकन थांबला होता की सुईच मोडली होती, ती तिनं दाखवली. नंबर कुणाचाच बरोबर आला नाही म्हणून यंदाचं ब्लाउज कुणालाच नाही, असं ठरलं. चिमणाबाईची समजूत खारीच्या पुड्यानं काढावी लागली.

हळूहळू दुकान रिकामं झालं. मैथिली कपबशा गोळा करून विसळायला मागं गेली. कालिंदीबाई मात्र बसूनच होत्या, एका जागी. आपा जवळ गेली.

"वैनी, रागावलासा?"

कालिंदीबाईंनी बाही उजेडाकडं वळवली.

"ब्लाउज उद्या धाडा. बाही उसवून नीट करून देतो."

कालिंदीबाई बाहीकडं बघत होत्या. त्यांनी त्या वाकड्या टिपेवरून बोट फिरवलं, सरळ जाता जाता ती जिथं एकदम घसरली होती तिथं थांबवलं. "सरळ टिपेवर थांबला म्हणालीस ना मघाशी," त्या हळू म्हणाल्या. "ती हीच का?"

आपानं होकाराची मान डोलावली.

कालिंदीबाईंनी दुसऱ्या हातानं ती बाही झाकून धरली. "मग हात लावायचा नाही याला. तुझ्या यादीत काय असेल ते असू दे. माझ्याकडं पहिला नंबर शिवून आलाय." मग पदरानं नाक पुसून वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "आणि चहा टाक बघू पुन्हा. मघाशी रागात घेतलाच नाही मी."